आमची वाटचाल : सोलापूरच्या उन्हात रंगीत पानांची नर्सरी

सोलापुरात शोभेच्या झाडांवर पोट भरतं का, हा प्रश्न आम्हाला सगळ्यात आधी आमच्या भावकीनंच विचारला. आमचे वडील द्राक्षबागांची छाटणी घ्यायचे, त्यांचं सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, अजून माझ्याकडं आहे, स्प्रिंग दोनदा बदलली पण पातं तेच. होटगी रोडला भाड्याच्या जागेवर शेडनेट मारून सुरुवात केली तेव्हा आजूबाजूला सगळे गुलाब, शेवंती, झेंडूच्या कुंड्या विकायचे. गिऱ्हाईक फुलं बघून न्यायचं आणि एप्रिलमध्ये वाळलेली काटकी घेऊन भांडायला यायचं. आम्ही ठरवलं की बागेला रंग द्यायचा तो पानांचा द्यायचा. क्रोटन, लाल अकॅलिफा, ड्युरांटा गोल्ड, जांभळा इरँथेमम, पांढऱ्या कडेची तगर. फूल आठ दिवसात उतरतं, पान वर्षभर रंग देतं, आणि बारमाही हिरव्या झुडपाला आपल्याकडच्या पाण्याच्या हिशोबात बसवता येतं.

हे पहिल्यांदा कुणाला पटलं असेल तर अण्णांना. पूर्वभागात त्यांचा चादरीचा कारखाना, घरात तेलुगू बोलणार आणि आमच्याशी अस्सल सोलापुरी. बंगल्यापुढं लॉन करायचं म्हणून आलते, मी म्हणलं अण्णा, नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतं, लॉन कशानं जगवणार? मग त्यांनी स्वतः खाली बसून कुंड्या ओढल्या, मागं गडद लाल अकॅलिफा, मधे हिरवी-पांढरी तगर, पुढं बुटका पिवळा ड्युरांटा. म्हणाले, चादरीचं डिझाईन पण असंच बसवतात बघ, गडद रंगाशेजारी फिका असल्याशिवाय दोन्ही उठून दिसत नाहीत. आजही लेआउट काढताना आम्ही हेच करतो. त्यांच्या ओळखीवर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या किती कारखान्यांची कामं मिळाली त्याची मोजदाद नाही.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2016 चा उन्हाळा मात्र विसरणार नाही. पाऊस आधीच्या वर्षी दगा देऊन गेलेला, उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायचा साठा संपलेला, आमचा बोअर फेब्रुवारीतच गुळण्या टाकायला लागला. टँकर घेतला तर त्याचं पाणी खारट, क्रोटनच्या पानांच्या कडा जळाल्या, एक्झोरा पिवळा पडला. एक्झोरा आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तसाही पिवळा पडतो, त्याला लोह मिळत नाही, जमिनीत फेरस सल्फेट घालण्यापेक्षा पानावर चिलेटेड आयर्न (झाडाला घेता येईल असं लोह) मारलेलं जास्त लागू पडतं, पण त्या वर्षी पंपात भरायला गोडं पाणीच नव्हतं. माल निम्म्याहून जास्त गेला. मदर प्लँट, म्हणजे ज्यांच्यापासून नवी रोपं करतो ती मूळ झाडं, वाचवायची म्हणून आम्ही दुहेरी शेडनेट बांधलं, बुडात उसाच्या पाचटाचा जाड थर दिला आणि रात्री झारीनं पाणी घातलं. बायकोनं दागिने मोडले. बँकेचा माणूस जप्तीची भाषा बोलत होता.

आणि नेमकं त्याच वेळी आमचं एक मोठं सोसायटीचं काम दुसऱ्या एकानं पळवलं. नाव घेत नाही, घ्यायची इच्छाही नाही. आमचा प्लॅन, आमचीच रंगांची मांडणी बिल्डरला दाखवून झाली होती, त्या दुसऱ्यानं निम्म्या रेटमध्ये सगळीकडं कोनोकार्पस या भराभर वाढणाऱ्या परदेशी झाडाची भिंत उभी केली. वर्षात डोक्याएवढं झालं, लोक खूष. मी तेव्हा कानीकपाळी ओरडून सांगत होतो की हे झाड पाइपलाइनमध्ये मुळं घालतं, तर म्हणायचे तुमचं काम गेलं म्हणून बोलताय. 2023 ला गुजरात सरकारनं त्याच्या लागवडीवर बंदी घातली तेव्हा कुणी फोन करून सांगितलं नाही की तू बरोबर होतास. हे मला अजून लागतं.

अण्णांनी त्या जूनमध्ये पाऊस पडायच्या आधी पूर्ण ऑर्डरचा ॲडव्हान्स दिला, रोपं नसताना. त्यावर आम्ही क्रोटनच्या गुट्या बांधल्या (फांदीला झाडावरच मुळं फोडायची), आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतून रोपांचा ट्रक मागवला आणि परत उभे राहिलो.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. कडियमची रोपं लाल मातीच्या गड्ड्यात येतात, तो गड्डा तसाच काळ्या मातीत पुरला तर दोन्हीचं पाणी जुळत नाही आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या की मुळं तुटतात, म्हणून खड्ड्यात शेणखत आणि थोडी मुरमाड माती मिसळा. ड्युरांटा गोल्ड सावलीत लावाल तर हिरवा पडणार, त्याला कडक ऊनच पाहिजे. क्रोटनला सकाळचं ऊन द्या, पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, तिथं बोगनवेल लावा, तिला पाणी कमी पडलं की उलट जास्त फुलते. आणि माळ्याला क्रोटनवर हेज कात्री चालवू देऊ नका, पानं अर्धी कापली जातात आणि कडा तपकिरी होऊन महिनाभर घाण दिसतं, सिकेटरनं एकेक शेंडा फांदीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, वर तिरका कापायचा. वेळ लागतो, लागू द्या. लागवड पहिल्या दोन चांगल्या पावसानंतर करा, मे महिन्यात मुहूर्त आहे म्हणून कुणी आलं तर आम्ही सरळ नाही म्हणतो.

मागच्या महिन्यात त्याच सोसायटीच्या कमिटीचा फोन आला, ड्रेनेज तुंबलंय, कोनोकार्पस काढून तुमची ती रंगीत झुडपं लावायचीत. मी रेट सांगितला. काढायचं काम मुळासकट करणार, त्याचे पैसे वेगळे, आणि निम्मे आधी.