तुम्ही विचारलंत म्हणून : लाकूड गेलं कुठी?

"भाऊ, आठ घनफुटाचा सागाचा ओंडका आनला, अन् चौकट एकच? लाकूड गेलं कुठी?"

आरामशीनवर हा प्रश्न आला नाही असा आठवडा जात नाही. विचारणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. ७ फूट उंच, साडेतीन फूट रुंद चौकट, उंबरठ्यासकट २१ फूट लाकूड, जाडी ५ बाय अडीच इंच. म्हणजे १.८२ घनफूट. आठाला त्यानं भागलं की चार चौकटी यायला हव्यात. आली एक. मग मनात येतं, मशीनवाल्यानं मारलं. कधी कधी ते खरंही असतं. बहुतेक वेळा मात्र ते लाकूड ओंडक्यात नव्हतंच.

मोजमापापासून सुरू करू. आपल्याकडे गोल लाकूड चौथाई गोलाईनं मोजतात : ओंडक्याच्या मधोमध दोरी फिरवायची, इंचातल्या गोलाईचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करून फुटातल्या लांबीनं गुणायचं आणि १४४ नं भागायचं. गोलाई ४८ इंच, लांबी ८ फूट : १२ गुणिले १२ गुणिले ८, भागिले १४४, म्हणजे ८ घनफूट. भूमितीनं पाहिलं तर त्या ओंडक्यात सव्वादहाच्या आसपास घनफूट लाकूड असतं. गोलाचा चौकोन करताना कडा जाणार, म्हणून हे माप आधीच सुमारे एकवीस टक्के सोडून देतं. तेव्हा माप गिऱ्हाइकाच्या विरुद्ध नाही, पण ते दोन गोष्टी झाकतं.

पहिली साल. दोरी सालीवरून फिरवली आणि साल अर्धा इंच जाड असली, तर गोलाईत तीन इंचांहून थोडं जास्त नुसतं टरफल मोजलं जातं. साल काढून मोजलं की आठाचे सात होतात. विकत घेताना दोरी लावायच्या जागी कुऱ्हाडीनं साल छिलून घ्या. विकणारा कुरकुरला तरी छिला.

दुसरी गोष्ट निमुळतेपणा, आणि खरं लाकूड तिथंच जातं. वरचाच ओंडका घ्या. मध्ये ४८ इंच आहे, पण बुंध्याकडं ६० आणि शेंड्याकडं ३६. अखंड ८ फुटी नग हवे असतील तर ते शेंड्याच्या तोंडात बसायला हवेत. ३६ इंच गोलाईच्या तोंडात सगळ्यांत मोठा चौकोन बसतो आठ इंचांचा. त्यात अडीच इंचाचे तीन थर निघतात, प्रत्येक थरात ५ इंची नग एक आणि ३ इंची पट्टी एक. तीन नग, म्हणजे बरोबर एक चौकट : दोन उभ्या, आणि तिसऱ्याचे दोन तुकडे करून वरची आणि उंबरठा. मधल्या थरात झाडाचा अगदी मधला बिंदू येतो, तिथून वाळताना चीर जाते, म्हणून तो थर आखूड तुकड्यांना वापरायचा. शिवाय तीन पट्ट्या खिडकीला, आणि बुंध्याकडच्या बाजूंनी आखूड फळ्या. सगळं मिळून चार घनफुटांच्या थोडं वर.

आता तोच आठ घनफूट, पण दोन्ही तोंडांना ४८ इंच असलेला सरळ ओंडका. चौकोन बसतो पावणेअकरा इंचांचा. चार थर, प्रत्येकात दोन नग. आठ नग. दोन चौकटी होऊन दोन नग शिल्लक. कागदावर दोन्ही ओंडके सारखे, भावही सारखा, आणि हातात एकीकडे तीन नग तर दुसरीकडे आठ.

म्हणून मधली गोलाई मोजून थांबू नका, दोन्ही तोंडं मोजा. धुऱ्यावरचा, म्हणजे वावराच्या बांधावरचा, साग बहुधा निमुळता का असतो, तेही पाहा. वावरात झाड एकटं वाढतं, चारी बाजूंनी ऊन मिळतं, खालपासून फांद्या फुटतात, बुंधा फुगतो. दाट जंगलात झाडं उजेडासाठी वर पळतात, खालच्या फांद्या सावलीत वाळून गळतात, खोड सरळसोट आणि बिनगाठीचं होतं. आलापल्ली-बल्लारपूरच्या सागाचं जे नाव आहे त्यात मातीइतकाच वाटा या दाटीचा आहे. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून साग गेला, तेव्हापासून ज्याला त्याला 'बल्लारशा'च पाहिजे. पण वनखात्याच्या डेपोतलाही प्रत्येक ओंडका सरळ नसतो आणि धुऱ्यावरचाही प्रत्येक वाईट नसतो. नाव विचारण्यापेक्षा दोरी काढा. डेपोच्या यादीत माप घनमीटरमध्ये असतं, ३५.३ नं गुणलं की घनफूट.

वाकडा ओंडका हा तिसरा चोर, पण त्याच्यावर इलाज आहे. ८ फुटांत २ इंच बाक असलेला ओंडका मधून कापून ४-४ फुटांचे दोन केले, की प्रत्येकातला बाक अर्ध्या इंचावर येतो. लांबी निम्मी झाली की बाक चौथाई होतो. तेव्हा वाकडं लाकूड खिडक्यांना आणि पाटांना ठेवा, चौकटीला सरळ. झाड पडतं त्याच दिवशी ही वाटणी व्हायला हवी. तोडणारे ८ आणि १० फुटांचे तुकडे सवयीनं पाडतात. चौकटीला ७ फूट लागतात, मग वरचा एक फूट चुलीत जातो. टोकाची भेग जाईल म्हणून ३ इंच वर धरून ७ फूट ३ इंच पाडा.

आता चीर, म्हणजे आरा लाकडातून जाताना जेवढी जाडी खातो ती. पट्ट्याची आरामशीन असेल तर पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाइतकी ठेवतात : ३६ इंची चाकाला वीस गेज, ४२ इंचीला एकोणीस. म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. यापेक्षा जाड पट्टा चाकावरून वळताना लवकर चिरतो. दातांना एकाआड एक डावा-उजवा कल दिलेला असतो, आणि थोडी थरथर धरून चीर पडते अडीच मिलिमीटरची. एक इंची फळ्या काढताना शंभरातले नऊ भाग भुशात जातात, अर्धा इंची काढताना सोळा. जुन्या गोल आऱ्याची चीर सहा मिलिमीटरची. त्यावर एक इंची फळीलाच शंभरातले एकोणीस जातात. अर्धा इंची फळ्या मागणाऱ्यानं भुसाही आपलाच आहे हे धरून चालावं. शिवाय रंध्याला वाव लागतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग : आठ सूत तयार फळी हवी तर नऊ सुताची चिरायची.

पट्टा बोथट असेल तर चीर आणखी खाते आणि फळीही वाया जाते. ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, मशीनखालचा भुसा चिमटीत घ्या. धारेचा पट्टा रव्यासारखा भुसा टाकतो. भुसा पिठासारखा आणि गरम लागला की धार गेलेली आहे. पुढं ट्रॉली ढकलायला जोर लागतो, पट्टा लाकडात पळतो, आणि फळी एका टोकाला नऊ सूत, मध्ये सात सूत, अशी लाटांची निघते. लाट रंध्यानं काढायची तर पातळ भागाइतकी सगळी फळी करावी लागते. सागात वाळूच्याच जातीचा सिलिका असतो, त्यानं धार लवकर उतरते. त्याहून वाईट म्हणजे जमिनीवरून ओढत आणलेला ओंडका : सालीत काळी माती आणि मुरूम बसतो आणि पहिल्याच चिरेत दात गोल करतो. साल काढून, निदान धुऊन, मगच ट्रॉलीवर चढवा.

धार लावताना दातामधली खाच गोल ठेवावी. खाचेत कोपरा राहिला की पट्ट्याची भेग तिथूनच सुरू होते. रात्री मशीन बंद करताना पट्ट्याचा ताण सैल करायचा. ताणून ठेवलेला पट्टा थंड झाला की आखडतो आणि चाकावरच थकतो.

लोखंडाबद्दल मात्र गिऱ्हाइकानं खरं बोलावं. घराजवळचं, रस्त्याकडेचं, कुंपणातलं झाड असलं की त्यात खिळा, तार, कडी असण्याची शक्यता मोठी. जनावरं बांधायची जागा, पाटी ठोकलेली जागा, काटेरी तार वेढलेली जागा. झाड त्यावरून वाढतं आणि वर्षांनंतर बाहेर खूणही राहत नाही. पण कापलेल्या तोंडावर राहते : निळसर काळा डाग, शाईच्या थेंबासारखा, मधून वर रेघ गेलेली. लाकडातलं टॅनिन लोखंडाशी मिळून ते काळं होतं. बाभळीत हा डाग ठळक दिसतो. एक खिळा लागला की डझनभर दात चपटे होतात, कधी पट्टा तुटून उडतो, आणि समोर माणूस उभा असतो. अशा झाडाचा खालचा चार-पाच फूट भाग वेगळा ठेवा, हातातला मेटल डिटेक्टर फिरवून घ्या, नाहीतर तो सरळ जळणात टाका.

ओंडका निवडताना दोन्ही तोंडांवर कुऱ्हाडीचा दांडा मारा. भरीव लाकूड ठणठणीत वाजतं, पोकळ ढब्ब. सागात बाहेरचा पांढरा भाग किती आहे तेही मोजा. कोवळ्या सागात तोच जास्त असतो, आणि भुंगा आणि उधई आधी तिथंच लागते. बाभळीचा पांढरा भाग भुंगा खातो, म्हणून बंडीच्या चाकासाठीची बाभूळ गावच्या डबक्यात काही महिने बुडवून ठेवत. कड्यांना, दांड्यांना तिवस. आंबा आणि काटेसावर ही पांढरी लाकडं कापल्यावर थांबत नाहीत, पावसाळ्यात आठवड्याभरात निळी पडतात. ती लगेच चिरायची.

कागदाचं थोडक्यात. साग, आंबा, चिंच, मोहा, जांभूळ, बिजा, ऐन, तिवस ही झाडं १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्याच्या यादीत आहेत. आपल्याच वावरातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सातबाऱ्यावर झाडांची नोंद, तोडीची परवानगी, ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा, वाहतूक परवाना, या क्रमानं कागद लागतात. कडुनिंब, बाभूळ त्या यादीत नाहीत, पण वाहतुकीला काय लागतं ते वनपरिक्षेत्र कार्यालयातून लेखी घ्या, तोंडी नाही. आरामशीनवाला कागद पाहिल्याशिवाय ओंडका उतरवत नसेल तर रागावू नका. आवक-जावक वही त्याला दाखवावी लागते आणि परवाना त्याचा जातो. नवी आरामशीन टाकू म्हणणाऱ्यांनी तर आधी परवान्याचं बघावं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या आदेशापासून हा दरवाजा अरुंदच आहे. २०१६ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या, आणि अर्ज राज्यस्तरीय समितीपुढं जातो.

चिरून झालं तरी लाकूड जायचं थांबत नाही. ओलं लाकूड वाळताना आकसतं, आणि वार्षिक वलयांच्या कडेनं जितकं आकसतं त्याच्या निम्मंच गाभ्याकडच्या दिशेनं. ओल्या सागाची सहा इंची फळी वाळून पाव इंचाच्या आसपास कमी होते. दिवाळीनंतर, थंडीत तोड झाली तर बरं. मे महिन्यात ४५ अंशांत पडलेल्या ओंडक्याची तोंडं दोन दिवसांत फाटतात. तोडल्याबरोबर दोन्ही तोंडांना डांबर किंवा जुना ऑइलपेंट फासा. चिरलेल्या फळ्या जमिनीपासून फूटभर वर, सावलीत, दर दोन फुटांवर एक इंची पट्ट्या देऊन रचा. पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका रेषेत हव्यात, नाहीतर फळ्यांना पोट येतं. वर वजन ठेवा. वारा लागू द्या, ऊन नको. ओल्या लाकडाची चौकट बांधकामाची घाई म्हणून उभी केली की पहिल्याच उन्हाळ्यात भिंत आणि लाकूड यांत बोट जाईल एवढी फट पडते.

राहिल्या सालीच्या बाजूच्या फळ्या आणि भुसा. ते लाकूड तुमचंच आहे. चिराईचा दर ठरवतानाच ते कोणाकडं राहणार हे बोलून घ्या. काही ठिकाणी दर कमी असतो आणि कडेच्या फळ्या मशीनवाल्याच्या, काही ठिकाणी दर पूर्ण आणि फळ्या तुमच्या. कडेच्या फळ्यांतून गोठ्याचं कूड होतं, भाजीच्या पेट्या होतात. ट्रॅक्टर रिकामा परत नेऊ नका.