एचएमटी जनता: मूळ डायल आणि पुन्हा रंगवलेली डायल

सासऱ्याने जावयाला लग्नात दिलेलं एचएमटी जनता हे मनगटी घड्याळ विदर्भातल्या कितीतरी घरांत कपाटात पडून आहे. जपानच्या सिटीझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरुत एचएमटीची घड्याळं बनू लागली. २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय झाला आणि जुन्या घड्याळांना मागणी आली. तेव्हापासून चकचकीत, ‘न वापरलेली’ म्हणून विकली जाणारी जनता बाजारात फार दिसते. तिचं मशीन बहुतेकदा खरंच एचएमटीचं असतं, सतरा ज्वेलचं (चाकांच्या टेकूला बसवलेले खडे), हाताने चावी द्यायचं. बदललेलं असतं ते वरचं रूप.

आधी डायल पाहा. दहापटीचं भिंग हवं. नसेल तर मोबाइलचा झूम वापरा आणि सकाळच्या तिरप्या उजेडात फोटो काढा. कारखान्यातली छपाई बारीक असते, अक्षराची कड तुटत नाही. पुन्हा रंगवलेल्या डायलवर शाई पसरते. देवनागरीत ‘जनता’ लिहिलेली डायल असेल तर शिरोरेषेवर नजर ठेवा: रंगवलेल्या डायलवर ती कुठे जाड, कुठे बारीक होते आणि ‘ज’च्या आतली मोकळी जागा बुजते. मग मिनिटांच्या रेघा बघा. बाराची आणि सहाची रेघ काट्यांच्या मधल्या छिद्रातून सरळ जायला हवी. छपाई जराशी फिरलेली असली की बाराला दोन्ही काटे एकावर एक येऊनही रेघेच्या बाजूला दिसतात. त्या छिद्राच्या कडेला रंगाचा थर साचलेला असेल, किंवा डायलच्या काठाला कानशीने पाडलेली बारीक खाच असेल, तर बहुधा रंगकाम झालेलं आहे.

काटे पटकन कळतात. मिनिटकाटा रेघांपर्यंत पोचत नसेल तर तो दुसऱ्या घड्याळाचा.

केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचावर, मात्र वेळ द्या. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब लगवरून, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांवरून, हळूहळू सरकवा. मूळ केसवर ते सरळ धावतं आणि कडेला एकदम तुटतं. जास्त बफिंग (घासून पॉलिश) झालेल्या केसवर कड गोल होते, प्रतिबिंब वाहून गेल्यासारखं वाकतं. पाठीमागची अक्षरंही उथळ होतात. प्लेटिंगच्या केसवर आपल्याकडच्या उन्हाळ्यातला घाम पट्ट्याखाली लगच्या आतल्या बाजूला साचतो, पितळ उघडं पडतं, हिरवा कळंक धरतो. तो न खरवडता वरून नवं प्लेटिंग केलेलं असेल तर खड्डे चमकतात, आणि काही काळाने तिथूनच पापुद्रे सुटतात.

चावी बदललेली असेल तर ती नळीवर नीट बसते का, ते तपासा. सैल चावीच्या फटीतून घाम आत जातो. जिनिंगच्या गावांत कापसाचा बारीक तंतूही जातो आणि तेलाला चिकटतो. त्याने बॅलन्सचा, म्हणजे वेळ धरणाऱ्या झुलत्या चाकाचा, झोका मंदावतो.

झाकण घड्याळजीकडूनच उघडून घ्या. स्क्रूच्या खाचा चावलेल्या दिसल्या तर मशीनला बरेच हात लागलेत. पूर्ण चावीवर घड्याळ एक दिवस आरामात निघालं पाहिजे. रोज कित्येक मिनिटं पुढे जात असेल तर बहुतेकदा केसस्प्रिंगचे (बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे तेलाने किंवा चुंबकत्वाने एकमेकांना चिकटलेत. हे दुरुस्त होतं.

डाग पडलेली मूळ डायल आणि कोरी दिसणारी रंगवलेली डायल एकाच भावात मिळत असतील तर डागाचीच घ्या. आणि घरच्या घड्याळाची डायल पिवळी पडली असेल तर सर्व्हिसिंगला देतानाच स्पष्ट सांगा: मशीन साफ करा, काच बदला, डायलला हात लावू नका.