कॅप्चर कार्ड घेताना खोक्यावरचा कोणता आकडा पाहावा

कॅप्चर कार्ड म्हणजे प्लेस्टेशनसारख्या गेमिंग कन्सोलवरच्या खेळाचे चित्र संगणकावर नोंदण्यासाठी आत घेणारे उपकरण. नागपुरात बर्डीवरच्या दुकानात ते मागितले, की बहुधा अंगठ्याएवढे एक डोंगल समोर येते आणि सोबत आश्वासन मिळते, "भाऊ, फोर-के आहे." दुकानदार खोटे बोलत नाही, कारण खोक्यावर तसेच छापलेले असते, मात्र तो आकडा कार्डाच्या आत येऊ शकणाऱ्या चित्राचा असतो, संगणकावर नोंदल्या जाणाऱ्या चित्राचा नव्हे. ही दोन टोके वेगळी असतात, आणि खरेदीचा निर्णय दुसऱ्या टोकाकडे पाहून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याआधी कार्डाची गरज आहे का, हे ठरवावे. खेळ संगणकावरच चालत असेल, तर ओबीएस स्टुडिओ हे नोंद आणि थेट प्रक्षेपणाचे मोफत सॉफ्टवेअर आणि ग्राफिक्स कार्डातला एन्कोडर (चित्र दाबून साठवण्याजोगे करणारा भाग) एवढ्यावर काम भागते. प्लेस्टेशन ५ स्वतःच खेळाची शेवटची ६० मिनिटांपर्यंतची नोंद जतन करू शकते, त्यामुळे अधूनमधून एखादा सामना मित्रांना दाखवायचा असेल, तर तेही पुरेसे आहे. निन्टेन्डो स्विचवर मात्र फार तर शेवटचे ३० सेकंद मिळतात. सलग काही तास नोंद करायची असेल, आपला आवाज वेगळ्या ट्रॅकवर हवा असेल किंवा थेट प्रक्षेपण आपल्या पद्धतीने मांडायचे असेल, तेव्हा कार्डावर पैसे घालण्यात अर्थ आहे.

आता नोंदीच्या टोकाचे गणित पाहू. १९२० × १०८० चे चित्र सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक बिंदूला १६ बिट या हिशेबाने न दाबता (कॉम्प्रेस न करता) पाठवायचे, तर सेकंदाला सुमारे २ गिगाबिट माहिती वाहून न्यावी लागते. यूएसबी २.० ची कमाल क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट आहे आणि यूएसबी ३.० ची ५ गिगाबिट. म्हणजे स्वस्त डोंगल यूएसबी २.० चे असेल, तर त्याला प्रत्येक फ्रेम जेपेगसारखी दाबूनच पुढे पाठवावी लागते, आणि त्यातही बऱ्याच डोंगलांची धाव १०८० पीला सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच असते. बुद्धिबळ किंवा पत्त्यांच्या खेळाला याने काही बिघडत नाही. पण शर्यतीच्या किंवा नेमबाजीच्या खेळात हालचाल तुटक दिसते, बारीक अक्षरे फुटतात आणि गडद लाल रंगाच्या कडा पसरतात. म्हणून खोक्यावर "कॅप्चर" किंवा "रेकॉर्डिंग" या शब्दापुढे १०८० पी ६० असे लिहिले आहे का आणि जोडणी यूएसबी ३.० ची आहे का, एवढ्या दोन गोष्टी मी आधी पाहतो. ब्रँडचे नाव त्यानंतर.

तिसरी गोष्ट पासथ्रूची. संगणकाच्या पडद्यावर दिसणारे चित्र थोडे उशिरा येते, आणि तेवढ्या उशिराने खेळणे त्रासाचे होते. ज्या कार्डाला एचडीएमआयचे बाहेर जाणारे दुसरे तोंड असते, त्यातून चित्र थेट टीव्हीवर जाते. आपण टीव्हीकडे पाहून खेळायचे आणि नोंद तिकडे चालू राहू द्यायची. प्लेस्टेशन ५ वर १२० फ्रेमने खेळणाऱ्याने पासथ्रूची मर्यादाही वाचावी, कारण ती कमी असेल तर टीव्हीवरचे चित्रही तेवढ्यावरच उतरते.

जोडणी करताना केबल कार्डासोबत आलेलीच वापरावी आणि ती कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी ३.० पोर्टात, म्हणजे बहुतेक मदरबोर्डांवर निळ्या जिभेच्या पोर्टात लावावी. सगळे जोडूनही पडदा काळाच राहिला, तर दोष बहुधा कार्डाचा नसतो: प्लेस्टेशन ४ आणि ५ वर एचडीसीपी हे नक्कलविरोधी संरक्षण मुळात चालू असते आणि ते सेटिंग्जमधल्या सिस्टम विभागात (प्लेस्टेशन ५ वर त्यातल्या एचडीएमआयखाली) बंद करावे लागते. ते बंद असताना काही चित्रपटांची अ‍ॅप चालत नाहीत, हे घरच्यांना आधी सांगून ठेवलेले बरे. प्लेस्टेशन ३ वर एचडीएमआयचे हे संरक्षण बंदच करता येत नाही. तिथे कंपोनंट केबलचा (चित्र तीन वेगळ्या तारांतून नेणाऱ्या जुन्या पद्धतीच्या केबलचा) मार्ग धरावा लागतो.

ओबीएसमध्ये "व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस" हा सोर्स घेऊन रिझोल्यूशन आणि फ्रेम दर आपल्या हाताने निवडावेत. रंग फिके किंवा काळपट दिसले, तर आधी कन्सोलचा एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारी सोय) बंद करून पाहावे आणि मग कलर रेंज (काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादेची सेटिंग) तपासावी. नोंद एमकेव्ही स्वरूपात ठेवावी, असा माझा आग्रह आहे. नोंद चालू असताना वीज गेली, तर साधी एमपी४ फाइल बहुधा उघडतच नाही, एमकेव्हीमध्ये मात्र तोवरचा भाग शाबूत राहतो, आणि नंतर ओबीएसमधूनच तिचे एमपी४ करून घेता येते. सेकंदाला ४० मेगाबिट या दराने तासाची फाइल सुमारे १८ जीबीची होते, तेव्हा डिस्कवर जागा आधीच मोकळी ठेवावी.

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, नागपुरात कूलर बंद ठेवून बोलणे शक्य नसते, आणि त्याची घरघर माइकमध्ये उतरतेच. ओबीएसमधला आवाज गाळणारा फिल्टर ती बरीच कमी करतो, पण माइक तोंडाजवळ आणि कूलरकडे पाठ करून ठेवल्याचा उपयोग त्याहून जास्त होतो. शेवटी दहाएक मिनिटांची चाचणी नोंद करून चित्र आणि आवाज यांचा मेळ सुरुवातीला आणि अखेरीस, असा दोनदा तपासावा. अंतर दोन्हीकडे सारखेच असेल, तर ओबीएसच्या सिंक ऑफसेट या सेटिंगमध्ये तेवढे मिलिसेकंद भरले की झाले. अंतर वाढत जात असेल, तर विंडोज आणि ओबीएस या दोन्हींत ध्वनीचा दर ४८ किलोहर्ट्झ करून पुन्हा पाहावे.