चाको कॅन्यनला तंबूत दोन रात्री: पाणी, वारा आणि तेरा मैल माती

न्यू मेक्सिकोच्या वायव्य कोपऱ्यातलं चाको कॅन्यन म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या हजारेक वर्षांपूर्वीच्या दगडी वास्तूंच्या अवशेषांचं पार्क. ते अल्बुकर्कीहून साधारण १५० मैलांवर, म्हणजे तीन तासांवर आहे. सकाळी निघून रात्री परतणारे पुष्कळ असतात. त्यांचे सहा तास गाडीत जातात आणि अवशेष पाहायला मिळतात ते भर दुपारी, जेव्हा डोक्यावरच्या उन्हात भिंतींचे थर सगळे एकसारखे पांढुरके दिसतात. चाको बघायचं तर सकाळी सात ते नऊ आणि सूर्य कलल्यावर. त्यासाठी आतच राहायला हवं, आणि आत राहायची जागा एकच: गायो कॅम्पग्राउंड. नावात दोन एल असले तरी म्हणायचं गायोच.

आरक्षण सरकारी संकेतस्थळावरून आधीच करावं लागतं. तिथे पोचल्यावर जागा मिळेल या भरवशावर जाऊ नका, कारण मिळाली नाही तर जवळपास दुसरं काहीच नाही. हॉटेल, पेट्रोल, खाणं, गाडीची दुरुस्ती, यातलं पार्कात काहीही मिळत नाही. फोनला रेंज नाही असंच धरून चाला.

सामानाची यादी करण्याआधी रस्ता समजून घ्या. उत्तरेकडून, म्हणजे हायवे ५५० वरून येणारा मार्ग त्यातल्या त्यात चांगला. नगीझीच्या आग्नेयेला ३ मैलांवर काउंटी रोड ७९०० ला वळायचं, पुढे ७९५० ला. वळणापासून पार्क २१ मैल: पहिले ८ डांबरी, नंतरचे १३ मातीचे, आणि हद्दीच्या आधीचे साडेचार मैल सगळ्यात खराब. फोनवरचा नकाशा कधीकधी भलत्याच कच्च्या वाटा सुचवतो. साध्या गाडीने त्यांवर जाऊ नये, असं पार्कवालेही बजावतात. वळणं कागदावर लिहून घ्या आणि त्या बाईंचा आवाज बंद करा. दक्षिणेकडून, क्राउनपॉइंटच्या बाजूने येणारा रस्ता आणखी वाईट आहे. थोडं अंतर वाचतंय म्हणून तो धरण्यात अर्थ नाही.

मातीचा भाग कोरडा असताना पन्हाळी पत्र्यासारखा असतो, आडव्या वळ्यावळ्यांचा. साधी सेडान जाते, पण १५-२० मैलांच्या वेगाने. ‘जोरात गेलं की हादरे कमी लागतात’ हा सल्ला जीप-ट्रकवाल्यांचा आहे. छोट्या गाडीची चाकं त्या वेगात जमीन सोडतात आणि वळणावर गाडी बाजूला सरकते. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनी नसते, नुसती डिंकाची बाटली आणि पंप असतो. टायरची कड दगडाने कापली तर त्या बाटलीचा उपयोग शून्य. निघण्याआधी डिकीचा तळ उचलून बघा. गाडी भाड्याची असेल तर करारात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. शेवटचं पेट्रोल क्युबा गावात भरा. फार्मिंग्टनकडून येत असाल तर ब्लूमफील्डला.

पाऊस पडला की खेळ बदलतो. इथली चिकणमाती ओली झाली की साबणासारखी होते. टायरच्या खाचा तिने बुजून जातात आणि मग फोर-व्हील-ड्राइव्हसुद्धा नुसती घसरते. वाटेत एस्कावाडाचा कोरडा ओढा लागतो. त्यात वरून पाणी आलं तर गाडी घालायची नाही, थांबायचं. ऊन पडलं की रस्ता बऱ्यापैकी लवकर सुकतो, पण तोवर तुम्ही आत किंवा बाहेर अडकलेले. म्हणून ठरलेल्या मुक्कामापेक्षा एका दिवसाचं पाणी आणि शिधा जास्त ठेवा, आणि परतीचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका. जुलै-ऑगस्ट हे इथल्या मान्सूनचे महिने. एप्रिल-मेमध्ये वारा वैताग आणतो. आमच्या मते सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य सर्वोत्तम.

फिनिक्सकडच्या मंडळींसाठी एक गोष्ट: मार्च ते नोव्हेंबर इथलं घड्याळ तुमच्यापेक्षा एक तास पुढे असतं. अवशेषांकडच्या रस्त्याच्या फाटकाची वेळ त्यामुळे चुकते.

कॅम्पग्राउंडवर जागेगणिक टेबल, शेकोटीची जाळी आणि तंबूसाठी सपाट चौथरा असतो. सावली नाही, अंघोळीची सोय नाही. तिथल्या नळाचं पाणी पिण्याचं नाही. पिण्याचं पाणी मैलभरावरच्या व्हिजिटर सेंटरमध्ये मिळतं. हे माहीत नसल्यामुळे लोक रात्री आठ वाजता रिकामी बाटली घेऊन फिरताना दिसतात. हिशोब सोपा आहे: माणशी दिवसाला ४ लिटर पिण्याचं, २ लिटर स्वयंपाक आणि धुण्याचं. चौघांना पूर्ण दिवसाला २४ लिटर झाले. ५ गॅलनचे, म्हणजे १९ लिटरचे दोन कॅन घ्या आणि रोज सकाळी भरून आणा. ७ गॅलनचा एकच मोठा कॅन स्वस्त पडतो खरा, पण भरल्यावर २६ किलोंच्या वर जातो आणि डिकीतून काढताना कंबर धरते.

ते भरलेले कॅन दुसऱ्याही कामाला येतात. चौथऱ्याची जमीन एकतर विटेसारखी टणक, नाहीतर भुसभुशीत. तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या खुंट्या टणक जमिनीत वाकतात आणि भुसभुशीत जमिनीत उपटतात. १० ते १२ इंची लोखंडी खिळे, त्यांच्या डोक्याशी रुंद वॉशर, आणि एक छोटा घण एवढं न्या. खिळा तंबूपासून बाहेरच्या बाजूला तिरका ठोका. वाऱ्याकडच्या दोन दोऱ्या पाण्याच्या कॅनना बांधा, १९ किलोंचं वजन सहसा हलत नाही. आजूबाजूचे दगड उचलून तंबूवर ठेवायचा मोह मात्र टाळा. कॅम्पग्राउंडच्या कड्यालाच एक छोटी जुनी वस्ती चिकटलेली आहे, कातळावर कोरीव चित्रंही आहेत. हातातला चपटा दगड हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीतला नसेलच, असं सांगता येत नाही. त्याच कारणाने खड्डे खणून दोर गाडणंही नको.

तंबू निवडताना जाळी कमी आणि कापड जास्त असलेला घ्या. पूर्ण जाळीच्या तंबूत बाहेरच्या पडद्याखालून बारीक रेती शिरते आणि सकाळी पांघरुणावर पिठासारखा थर असतो. ही रेती चेनमध्ये अडकली की चेन जोराने ओढू नका. जुन्या टूथब्रशने कोरडीच झटका. तेल लावलंत तर आणखी रेती चिकटते.

उंची ६,२०० फुटांच्या आसपास, त्यामुळे वाळवंट असूनही थंडी चांगली पडते. एका दिवसरात्रीत ३० अंश सेल्सिअसपर्यंत फरक पडू शकतो. ऑक्टोबरात दिवसा अर्ध्या बाह्यांत फिरावं आणि पहाटे पारा शून्यापाशी. इथे सगळ्यात जास्त फसवते ती घरी पाहुण्यांसाठी असते ती जाडजूड हवेची गादी. तिच्या पोटातली हवा रात्रभर गार होत राहते आणि पाठीतून ऊब ओढून घेते, वर कितीही दुलया घेतल्या तरी. तिच्यावर फोमची चटई अंथरा, किंवा सरळ आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याची क्षमता) ४ च्या वरची कॅम्पिंगची चटई घ्या. स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात, त्यातला ‘कम्फर्ट’चा बघा. दुसऱ्या आकड्याला माणूस जेमतेम तगतो, झोपत नाही.

आता चूल. देशी दुकानात मिळणारा चपटा ब्युटेनचा स्टोव्ह घरी उत्तम, पण ब्युटेन उणे अर्ध्या अंशालाच वायू व्हायचं थांबतं. म्हणजे नेमक्या चहाच्या वेळी ज्योत मिणमिणते. डबा रात्री पांघरुणात घेऊन झोपणारेही आहेत, तसं करू नका. प्रोपेनचा शेगडीवजा स्टोव्ह न्या, तो याहून कितीतरी जास्त थंडीत पेटतो. या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आतच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर शिजवूनही दाताखाली येते. तीन लिटरचा कुकर जागा खातो, पण गॅस वाचवतो. मुगाची खिचडी नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त घेते. सकाळी पातळ पोह्यांचे दडपे पोहे करावेत: गॅस फोडणीपुरता, पाणी नुसतं शिंपडण्यापुरतं. रात्रीसाठी घरून भाजून नेलेल्या बेसनाचं पिठलं. भांडी आधी कागदाने पुसा, मग धुवा, नाहीतर जेवणाला लागलं त्याहून जास्त पाणी धुण्यात जातं.

लाकूड बरोबर न्यावं लागतं, आत काटकीसुद्धा गोळा करायची नाही. आगबंदी असली तर तेही पेटवता येत नाही. खाऊचे डबे रात्री गाडीत. इथे अस्वलापेक्षा उंदराची काळजी जास्त, कारण हंटाव्हायरसचा फुफ्फुसांना ग्रासणारा प्रकार १९९३ साली याच फोर कॉर्नर्स (चार राज्यांच्या सीमा मिळतात त्या) भागात पहिल्यांदा ओळखला गेला आणि तो उंदरांच्या मलमूत्राच्या धुळीतून पसरतो. बिळाजवळ तंबू लावू नका. बूट सकाळी झटकूनच पाय घाला.

अवशेषांकडे जाणारा ९ मैलांचा डांबरी फेरा सकाळी सातला उघडतो आणि संध्याकाळी फाटक बंद होतं. बंद व्हायची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती आल्याआल्या विचारून ठेवा. पहिल्या संध्याकाळी व्हिजिटर सेंटरमागचं उना विदा पुरे. दुसऱ्या दिवशी सातलाच पुएब्लो बोनितो गाठा. ही ‘डी’च्या आकाराची चार मजली वास्तू साधारण ८५० ते ११५० या काळात टप्प्याटप्प्याने उभी राहिली. खोल्या सहाशेच्या वर. तिरप्या उन्हात भिंतीची रीत स्पष्ट दिसते: मधे दगडमातीची भर आणि दोन्ही अंगांनी चपट्या दगडांचं नेटकं आवरण, कुठे जाड चिऱ्यांच्या ओळी, मधूनमधून बोटाएवढ्या चिपांचे पट्टे. टप्पा बदलला की ही नक्षी बदलते, ती ओळखत फिरायला मजा येते. हे काम ऐन भरात होतं तेव्हा महाराष्ट्रात शिलाहारांचं अंबरनाथचं मंदिर उभं राहत होतं. त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० आहे. मागच्या बाजूला पडलेला प्रचंड ढिगारा १९४१ च्या जानेवारीत कोसळलेल्या कड्याचा. त्याने कितीतरी खोल्या चिरडल्या.

ऊन चढायच्या आत पुएब्लो आल्तोची पाच मैलांची वाट धरा. सुरुवातीलाच कड्याच्या चिरेतून अंग चोरून वर जावं लागतं, त्यामुळे पाठीवरची सॅक लहान हवी. वरून बोनितोचा पूर्ण आराखडा दिसतो. कासा रिंकोनादा, ६३ फूट व्यासाची गोल कीवा (विधींसाठी जमिनीत उतरवलेली खोली), संध्याकाळसाठी ठेवा. हे सगळं आजच्या पुएब्लो लोकांच्या, होपी आणि झुनींच्या पूर्वजांचं आहे आणि त्यांच्यासाठी ते आजही जागतं स्थान आहे. फुलं, नाणी, उदबत्ती असलं काही तिथे ठेवू नका. खापराचा तुकडा दिसला तर बघा आणि जागच्या जागी राहू द्या. खिशात घातला तर तो गुन्हा आहे.

चाकोला २०१३ पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा, म्हणजे कृत्रिम उजेडापासून जपलेल्या आकाशाचा, दर्जा आहे. अमावास्येच्या आसपासच्या तारखा घ्या, लाल उजेडाचा हेडलॅम्प न्या आणि गाडीच्या आतले दिवे बंद करून ठेवा. दार उघडताच लागणारा पांढरा झोत सगळ्या कॅम्पग्राउंडचे डोळे पुन्हा वीसेक मिनिटं आंधळे करतो.

निघायच्या सकाळी आकाशात ढग दाटलेले दिसले तर तंबूची घडी नीट घालत बसू नका. चुरगळून डिकीत कोंबा आणि रस्ता ओला व्हायच्या आत डांबरापर्यंत पोचा.