तुम्ही विचारलंत म्हणून : बदक कोणत्या जातीचे पाळावे?

मुळशीकडे किंवा भोरकडे थोडी जागा घेतलेले पुणेकर मला हमखास विचारतात, की बदके पाळायची आहेत, तर कोणत्या जातीची आणावीत? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा पांढरेशुभ्र बदक आणि त्याला पोहायला तळे असते. तळ्यावाचून बदकांचे काही अडत नाही. नाकपुड्यांसकट चोच बुडवून धुता येईल इतके खोल पाण्याचे भांडे मात्र हवेच. जात ठरवताना अंडी हवीत की मांस, आणि पिल्ले कोण उबवणार, एवढे पाहावे.

ते पांढरे बदक म्हणजे पेकिन. मूळचे चीनचे हे बदक १८७३ मध्ये अमेरिकेत गेले आणि तिथे मांसासाठीची मुख्य जात होऊन बसले. भराभर वाढते, खातेही तसेच; नुसत्या हौसेसाठी ते पाळणे मला परवडणारे वाटत नाही.

अंड्यांसाठी माझे मत खाकी कॅम्पबेलला. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी ही जात तयार केली, आणि तिच्यात पेंग्विनसारख्या ताठ चालणाऱ्या इंडियन रनरचे रक्त आहे. चांगली मादी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. अंडी पहाटे पडतात, म्हणून सकाळी नऊपर्यंत खुराडे उघडू नये, नाहीतर ती गवतात शोधत बसावी लागतात. गजबजाट माद्यांचाच असतो. शेपटीवर वळलेले पीस मिरवणाऱ्या नराचा आवाज बसलेल्या घशासारखा येतो.

कॅम्पबेलची मादी सहसा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाही, आणि इथे मस्कोव्ही उपयोगी पडते. दक्षिण अमेरिकेतली ही जात इतर पाळीव बदकांसारखी मॅलार्ड या रानबदकापासून आलेली नाही. चेहऱ्यावर लाल, खडबडीत मांसल गाठी, पायांना धारदार नख्या, झाडावर बसायची सवय आणि ओरडण्याऐवजी फुसफुसणे. शेजारी जवळ असतील तर हा मोठाच गुण. स्वतःची अंडी ती ३५ दिवस उबवते, तेव्हा कॅम्पबेलची २८ दिवसांत फुटणारी अंडी तिच्याखाली खुशाल ठेवावीत. मस्कोव्हीचा नर मात्र कॅम्पबेलच्या माद्यांत सोडू नये, कारण त्या संकरातली पिल्ले वाढतात चांगली, पण पुढे त्यांची वीण होत नाही.