मीठ, लेखी नाही

लोणच्याची कृती उतरवून घेत होते. कैऱ्या, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, सगळं वजनासकट. आणि मीठ? "अंदाजाने घाल गं." लोणच्यात तरी मिठाला माप हवं की नाही! या 'अंदाजाने'चा मला लहानपणापासून राग आहे.

आजीच्या वाणसामानाच्या यादीत डाळ, गूळ, शेंगदाणे, प्रत्येकापुढे आकडा. मिठापुढे कोरं. वाण्याकडे खडेमिठाचं पोतं दुकानाबाहेर पायरीवर असायचं, रात्रीसुद्धा. मीठ कोण चोरणार? आजी मूठ आमटीवर धरायची, बोटं जरा सैल करायची आणि किती घातलं विचारलं तर म्हणायची, "हाताला कळतं."

बायबलात एज्राच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात इराणच्या अर्तहशश्त राजाचं अरामी भाषेतलं फर्मान आहे. यरुशलेमच्या मंदिराला काय काय द्यायचं, त्याचा खजिनदारांना हुकूम. चांदी 100 किक्कारांपर्यंत, गहू 100 कोर, द्राक्षारस 100 बथ, तेल 100 बथ; ही तेव्हाची वजनं-मापं. आणि मीठ? 'दी ला कताव'. लेखी नाही, म्हणजे लागेल तेवढं. तिथे प्रत्येक अन्नार्पणाला मीठ लागायचंच; हिशेब कोण ठेवत बसणार!

कताव म्हणजे लिखाण. आपल्या 'किताब'च्याच गोतातला शब्द. अरामीत एखादी ठरावीक गोष्ट, 'ते अमुक', असं म्हणायचं तर शब्दाच्या शेवटी 'आ' जोडतात. दानिएलाच्या पुस्तकात भर मेजवानीत बेलशस्सर राजासमोर भिंतीवर बोटं लिहू लागतात, राजाचे गुडघे एकमेकांवर आपटतात, तो 'कतावा'. ते लिखाण, वाचता न येणारं. मिठापाशी मात्र नुसता 'कताव'. कुठलंच लिखाण नाही.

फर्मान लिहिणारा कारकून घरी जेवायला बसत असणार, एवढं नक्की.

एज्राच्याच पुस्तकात, चौथ्या अध्यायात, मीठ आणखी एकदा येतं. 'मलह हेखला मलहना': आम्ही राजवाड्याच्या मिठाने खारवलेली माणसं. आपण 'मिठाला जागणारी' म्हणू. वाचून मी खूश झाले होते. मग पुढचं वाचलं. अधिकारी रहूम आणि लेखनिक शिमशय यांचं ते पत्र, अर्तहशश्त नावाच्याच राजाला. हे यहुदी यरुशलेमचा कोट बांधताहेत, उद्या कर देणार नाहीत, वगैरे. निव्वळ चहाडी. राजाने ऐकली, आणि या मंडळींनी जाऊन बळजबरीने काम बंद पाडलं.