लेखक एक, नावं चार

आजचा अख्खा दिवस पुस्तकांच्या नोंदींत गेला. एक्सेलमधलं सगळं एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये हलवलं. शीर्षक, प्रकाशक, वर्ष पटापट उरकलं. खरा घोळ लेखकांचा! एकाच माणसाचं कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे टिंबानंतर स्पेस, कुठे नाही. संगणकाच्या लेखी हे चार वेगळे लेखक. मग लेखकांचा टेबल वेगळा केला, प्रत्येकाला क्रमांक दिला आणि कोणतं पुस्तक कोणाचं हे जोडणारा तिसरा टेबल. अनुवादक, संपादकही त्यातच बसले. एका रकान्यात स्वल्पविराम देऊन नावं कोंबण्यापेक्षा हे कधीही बरं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, मात्र टेक्स्ट म्हणूनच ठेवा. आकडा केलात की सुरुवातीचं शून्य गायब. शिवाय २००७ आधीच्या १० अंकी क्रमांकात शेवटी एक्स येऊ शकतो, आणि फार जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतोच. म्हणजे ओळख-क्रमांक आपला आपणच द्यायचा.

शोधताना आणखी एक गंमत: ‘ग्रंथ’ टाकलं तर ‘ग्रन्थ’ सापडेना. शीर्षक छापलंय तसंच ठेवलं, शोधासाठी एकसारख्या लेखनाचा जादा रकाना केला. लगेच सापडलं!

मासिकांतले लेख अजून बाकी आहेत. खंड, अंक, पृष्ठं… कोणी केलंय का हे?